बाण काढण्याआधी: नैसर्गिक रेणू पेशीत नेमकं कशाला धरतो, हे तपासायचं कसं

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी ईजीसीजीवर काम करत होते. चहाच्या पानांत मुबलक असणारा हा कॅटेचिन गटातला रेणू. कर्करोगाच्या पेशींवर ५० मायक्रोमोलर टाकला की अर्ध्या तासात पी३८ आणि ईआरके या दोन्ही कायनेजांचं (इतर प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवणाऱ्या एन्झाइमांचं) फॉस्फोरिलेशन, म्हणजे त्यांच्यावर लागलेलं फॉस्फेट, चढायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पेशी मरायच्या. तीन वेळा ब्लॉट (अँटीबॉडीने प्रथिनाचा बँड दाखवणारी चाचणी) केला, तिन्ही वेळा तेच. मी आकृती काढली: रेणू, बाण, पी३८, पुढचा बाण, पेशीमृत्यू. त्या आकृतीवर पुढचे आठ महिने रचले.

एका संध्याकाळी इन्क्युबेटरमधून प्लेट बाहेर काढली आणि कडेच्या रांगेकडे लक्ष गेलं. त्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यांत) पेशी नव्हत्याच, नुसतं मीडियम (पेशी वाढवायचं द्रावण) आणि ईजीसीजी होतं. पण मीडियमचा रंग तपकिरीकडे झुकला होता. म्हणजे पेशी नसतानाही काहीतरी घडत होतं. दुसऱ्या दिवशी तोच प्रयोग कॅटालेज घालून केला. हे एन्झाइम हायड्रोजन पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. आकाराने मोठं असल्यामुळे ते सहजासहजी पेशीत शिरत नाही, बाहेरच काम करतं. पी३८चा बँड गेला. ईआरकेचाही गेला. पेशी जगल्या. माझा ईजीसीजी मीडियममधल्या ऑक्सिजनशी अभिक्रिया करून पेरॉक्साइड तयार करत होता आणि पेशी त्या पेरॉक्साइडला प्रतिसाद देत होत्या. बॅरी हॅलिवेल यांच्या गटाने ईजीसीजी, क्वेर्सेटिन वगैरे रेणू नेहमीच्या कल्चर मीडियममध्ये झपाट्याने पेरॉक्साइड बनवतात हे २००० सालीच छापलेलं होतं. मी ते वाचलं नव्हतं आणि मला कोणी विचारलंही नव्हतं.

तेव्हापासून आमच्याकडे कोणी नवीन विद्यार्थी वनस्पतीतला किंवा बुरशीतला रेणू घेऊन आला, की मी त्याच्यासोबत बसते आणि खालच्या क्रमाने जायला सांगते. त्याचे आठ महिने वाचावेत एवढीच इच्छा आहे.

सुरुवात बाटलीपासून

लेबलवर जे लिहिलंय तेच बाटलीत आहे, असं धरून चालू नका. विकत मिळणारा 'कर्क्युमिन' बऱ्याचदा तीन रेणूंचं मिश्रण असतो: कर्क्युमिन, डिमिथॉक्सीकर्क्युमिन आणि बिसडिमिथॉक्सीकर्क्युमिन. मिश्रण वापरणं चूक नाही, पण मग मोलर मात्रा लिहिताना आपण नेमकं काय मोजतोय ते ठाऊक हवं. एचपीएलसी (मिश्रणातले रेणू वेगळे करून मोजणारी पद्धत) आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीवर (रेणूचं वजन मोजणारी पद्धत) एकदा नमुना चालवून घ्या, आणि सहा महिन्यांनी तोच स्टॉक (साठवलेलं दाट द्रावण) पुन्हा चालवा. दोन आलेख शेजारी ठेवलेत की पुष्कळ काही कळतं.

स्टॉक डीएमएसओ या द्रावकात करा, छोट्या छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० अंशांना अंधारात ठेवा आणि एकदा वितळलेली नळी परत गोठवू नका. इथे एक चूक मी दर वर्षी बघते. विद्यार्थी २० मिलिमोलरचा एकच स्टॉक करतो आणि ५, १०, २० मायक्रोमोलर असे डोस देताना त्याच स्टॉकमधून कमीजास्त आकारमान उचलतो. मग २० मायक्रोमोलरच्या वेलमध्ये डीएमएसओ ०.१ टक्का पडतो, ५ च्या वेलमध्ये त्याच्या पाव भाग. कंट्रोल वेलमध्ये किती पडला हे विचारलं तर उत्तर नसतं. आधी डीएमएसओमध्येच ५, १०, २० मिलिमोलरचे वेगवेगळे स्टॉक करा आणि प्रत्येकातून हजारास एक या प्रमाणात घाला. मग प्रत्येक वेलमध्ये डीएमएसओ सारखाच, ०.१ टक्का. कंट्रोलमध्येही तेवढाच.

आता तो रेणू मीडियममध्ये किती वेळ टिकतो ते बघा. कर्क्युमिनचं उदाहरण सगळ्यांनी डोक्यात ठेवावं असं आहे. सीरम (मीडियममध्ये घातला जाणारा रक्ताचा द्रव भाग) नसलेल्या, उदासीनच्या जवळपास पीएच असलेल्या द्रावणात ३७ अंशांना अर्ध्या तासात त्याचा सुमारे ९० टक्के भाग विघटित होतो. १० टक्के सीरम असेल तर तो बराच टिकतो. आठ तासांनीही निम्मा शिल्लक असतो. हे माहीत झाल्यावर आपल्या नेहमीच्या पद्धतीकडे बघा. संदेशवहनाच्या प्रयोगात पेशी रात्रभर सीरमविना ठेवतो, म्हणजे नेमक्या त्याच परिस्थितीत रेणू टाकतो जिथे तो सर्वांत लवकर मोडतो. चोवीस तासांनी जो परिणाम दिसतो तो कर्क्युमिनचा की त्याच्या तुकड्यांचा, हे मग सांगता येत नाही. मीडियममधून ०, १५, ३० मिनिटं आणि १, ४, २४ तासांनी नमुने काढून एचपीएलसीवर टाका. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

पेशी नसलेली प्लेट

माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा प्रयोग हाच. ज्या ज्या पद्धतीने तुम्ही परिणाम मोजणार आहात, ती प्रत्येक पद्धत आधी पेशींशिवाय करून बघा.

पेशी जगल्या का हे मोजणारी एमटीटी चाचणी घ्या. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचं जांभळं फॉर्मझान करतात आणि आपण तो जांभळा रंग मोजतो. पण क्वेर्सेटिनसारखे पॉलिफिनॉल स्वतःच एमटीटीला क्षपित करतात. पेशी नसलेल्या वेलमध्ये रेणू आणि एमटीटी एकत्र ठेवा, दोन तासांनी बघा. वेल जांभळा झाला तर तुमचा 'पेशी जगण्याचा' आकडा खोटा आहे. मग पेशी धुऊन घ्या, एटीपीवर (पेशीच्या ऊर्जा-रेणूवर) आधारलेली पद्धत वापरा, किंवा सरळ ट्रायपॅन ब्लू (मेलेल्या पेशींना रंगवणारा रंग) घालून सूक्ष्मदर्शकाखाली मोजा. मोजण्याला वेळ लागतो, पण निदान मोजतोय ते पेशीच असतात.

रिपोर्टर जनुक, म्हणजे मार्ग चालू झाला की प्रकाश देणारं जनुक, वापरताय? त्यातलं प्रकाश देणारं काजव्याचं एन्झाइम, ल्युसिफरेज, अनेक छोट्या रेणूंमुळे बंद पडतं, आणि द्राक्षांतला रेसव्हेराट्रॉल त्यांपैकी एक आहे. दाहाशी संबंधित एनएफ-कप्पा-बी मार्गाचा रिपोर्टर रेसव्हेराट्रॉलने मंदावला, तर मार्ग मंदावला की नुसता दिवा, हे वेगळं तपासावं लागतं. शुद्ध ल्युसिफरेज घेऊन त्यात रेणू टाकला की एका तासात उत्तर मिळतं. कधी उलटंही होतं: रोधक ल्युसिफरेजला चिकटून त्याला पेशीत जास्त वेळ टिकवतो आणि प्रकाश वाढलेला दिसतो. फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रावर) काम असेल तर कर्क्युमिन स्वतःच हिरवा चमकतो हे विसरू नका. रंगद्रव्य न घातलेल्या पण रेणू दिलेल्या पेशी कंट्रोल म्हणून हव्यातच.

रेसव्हेराट्रॉलचीच आणखी एक गोष्ट. २००३ मध्ये तो सर्ट१ या एन्झाइमला चालना देतो असं प्रसिद्ध झालं आणि दीर्घायुष्याच्या रेणूचा जगभर गाजावाजा झाला. २००५ मध्ये दोन गटांनी दाखवलं की ती चालना मोजणीसाठी जोडलेल्या चमकत्या रंगद्रव्यावर अवलंबून आहे. रंगद्रव्य नसलेल्या साध्या पेप्टाइडवर ती दिसत नाही. काही विशिष्ट पेप्टाइडांवर खरी चालना मिळते असं पुढच्या कामात दिसलं, त्यामुळे तो वाद साधा नाही. पण मोजपट्टीच निकालात मिसळू शकते, हे त्यातून शिकण्यासारखं आहे.

शुद्ध एन्झाइमवर आयसी-५० (निम्मी क्रिया रोखणारी मात्रा) काढत असाल तर तीच नळी ०.०१ टक्का ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट घालून पुन्हा लावा. बरेच रेणू काही मायक्रोमोलरच्या पुढे द्रावणात एकत्र येऊन सूक्ष्म गोळे करतात आणि ते गोळे मिळेल त्या प्रथिनाला शोषून घेतात. ब्रायन शॉइशेट यांच्या गटाने हे उलगडून दाखवलं, आणि क्वेर्सेटिन त्या यादीत आहे. डिटर्जंटने रोध नाहीसा झाला तर तो खरा रोध नव्हता.

आणि कॅटालेज. फिनॉल गट असलेल्या प्रत्येक रेणूसाठी. कॅटालेजसह, कॅटालेजशिवाय, आणि उकळून निष्क्रिय केलेल्या कॅटालेजसह. तिसरी रांग टाळू नका, कारण नुसतं प्रथिन घातल्यानेही रेणू चिकटून बसू शकतो आणि परिणाम कमी दिसू शकतो.

एन-ॲसिटिलसिस्टीन (एनएसी) या ऑक्सिडेशनविरोधी रेणूबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण याच्या आधारे काढलेले चुकीचे निष्कर्ष मी शेकड्याने वाचले आहेत. 'एनएसी दिल्यावर पेशी वाचल्या, म्हणून रेणू ऑक्सिडेटिव्ह ताणाने मारतो' हे वाक्य ऐकायला बरोबर वाटतं. पण पार्थेनोलाइड, विथाफेरिन-ए, सेलास्ट्रॉल हे रेणू प्रथिनांतल्या सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधक अणूला जाऊन चिकटतात. एनएसीमध्येही तोच गंधक गट आहे, आणि तो मीडियममध्ये मिलिमोलर प्रमाणात आहे. रेणू पेशीपर्यंत पोचण्याआधीच एनएसीला चिकटतो आणि संपतो. पेशी वाचतात, पण ऑक्सिडेटिव्ह ताणाशी त्याचा काहीही संबंध नसू शकतो. हे तपासायला एनएसी आणि रेणू पेशींशिवाय एका नळीत तासभर ठेवा आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर बघा: मूळ रेणूच्या वजनात १६३ ची भर पडलेलं शिखर दिसलं की समजा, जोड तयार झाली. त्याच वेळी ज्याच्यातला तो क्रियाशील दुहेरी बंध क्षपित केला आहे असा भाऊ-रेणू मिळवा आणि तोही पेशींवर टाका. भाऊ निष्प्रभ ठरला तर परिणाम त्या बंधामुळे आहे, म्हणजे रेणू एका सिस्टीनला नव्हे, अनेक सिस्टीनांना धरत असण्याची शक्यता मोठी. मग 'आयकेके-बीटा या कायनेजचा रोधक' असं नाव देण्याआधी थांबा.

घड्याळ

फॉस्फोरिलेशन मिनिटांत बदलतं. ईजीएफ हे वाढीचा संदेश देणारं प्रथिन दिल्यावर ईआरके पाच-दहा मिनिटांत शिखरावर जातं. वॉर्टमॅनिन हा बुरशीतला रेणू पीआय३के या एन्झाइमला धरतो तेव्हा त्याच्या खालच्या एकेटी या कायनेजचं फॉस्फोरिलेशन काही मिनिटांत कोसळतं. तरीही बहुतेक पेपरांत रेणू टाकून २४ किंवा ४८ तास थांबून मग एकेटी बघितलेलं असतं. तोवर पेशी मरायला लागलेल्या असतात. मरणाऱ्या पेशीत कॅस्पेजेस ही प्रथिनं कापणारी एन्झाइमं एकेटीसकट कितीतरी प्रथिनं कापतात, एटीपी कमी होतो, आणि जगण्याचे सगळेच संदेश थंडावतात. त्या वेळी पी-एकेटी (फॉस्फेट लागलेलं एकेटी) कमी दिसणं म्हणजे घर जळून गेल्यावर दिवे बंद आहेत असं नोंदवणं.

म्हणून वेळापत्रक असं लावा: ५, १५, ३० मिनिटं, १, २, ४ तास. त्याच्या बाजूला जगण्याचा आलेख. परिणाम मृत्यूच्या कितीतरी आधी दिसला पाहिजे, आणि ज्या डोसला पेशी मरतात त्याच्या आसपासच्या डोसलाच संदेशही थांबला पाहिजे. पेशी ५ मायक्रोमोलरला मरतात आणि एकेटी ५० ला थांबतं, असं असेल तर पेशी दुसऱ्याच कारणाने मरतायत.

ब्लॉट वाचताना

पेशी बर्फावर, फॉस्फेटेज-रोधक बफरमध्येच, बफर ऐन वेळी मिसळलेला. फॉस्फो-अँटीबॉडीसाठी दुधाऐवजी बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापरा, कारण दुधातलं केसीन स्वतः फॉस्फेटयुक्त प्रथिन आहे. हे सगळ्यांना माहीत असतं, पुढे जाते.

फॉस्फोच्या शेजारी त्याच प्रथिनाचं एकूण प्रमाण दाखवल्याशिवाय ब्लॉट पुरा होत नाही, आणि याचं कारण समजून घ्यायला जेल्डानामायसिनची हकीकत सांगते. हा जिवाणूकडून मिळणारा रेणू. व्ही-सार्क या कायनेजमुळे बिघडलेल्या पेशींवर हा किंवा याचा भाऊबंद हर्बिमायसिन टाकला की पेशी पुन्हा साध्या पेशींसारख्या दिसायला लागायच्या, टायरोसिनवरचं फॉस्फेट कमी व्हायचं. साहजिकच या गटाला टायरोसिन कायनेज रोधक म्हटलं गेलं. मग १९९४ मध्ये ल्यूक व्हाइटसेल, लेन नेकर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेल्डानामायसिन मण्यांवर बांधून त्यावरून पेशींचा लायसेट (फोडलेल्या पेशींचा अर्क) सोडला. मण्यांना कायनेज चिकटलं नाही, चिकटलं एचएसपी९०. हे प्रथिन इतर प्रथिनांना नीट घडीत धरून ठेवतं. त्याचा आधार सुटला की सार्क, एचईआर२, आरएएफ-१, एकेटी अशी त्याची गिऱ्हाइकं मोडीत निघतात. फॉस्फेट कमी होत होतं ते कायनेज बंद पडल्याने नव्हे, कायनेजच उरत नसल्याने. आज तुमच्या रेणूने एकाच वेळी तीन-चार असंबंधित कायनेजांचं एकूण प्रमाण खाली आणलं, तर त्याच लायसेटमध्ये एचएसपी७० बघा. तो चढलेला असेल तर एचएसपी९०चा संशय घ्यायला जागा आहे.

ट्रिप्टोलाइड या वनस्पतीतल्या रेणूचंही तसंच. त्याच्या नावावर एनएफ-कप्पा-बीपासून पुढे लांबलचक यादी जमली होती. २०११ मध्ये कळलं की तो टीएफआयआयएच या प्रथिन-संकुलातल्या एक्सपीबीला कायमचा चिकटतो आणि जनुकांचं लेखनच (डीएनएवरून आरएनए बनणं) थांबवतो. लेखन थांबलं की एमसीएल-१ सारखी अल्पायुषी प्रथिनं आधी संपतात. जे जे लवकर संपतं ते ते 'लक्ष्य' म्हणून छापलं गेलं होतं.

आणखी एक. मार्गाला उलट फिरणारे दुवे असतात. रॅपामायसिनने एस६के हे कायनेज बंद केलं की एस६के ज्या आयआरएस-१ या इन्सुलिनच्या संदेशातल्या प्रथिनाला दाबून ठेवत असतं ते मोकळं होतं, आणि अनेक पेशींत एकेटीचं फॉस्फोरिलेशन उलट वाढतं. एकच प्रथिन बघून 'मार्ग बंद' म्हणू नका. लक्ष्याच्या वरचं एक आणि खालची दोन बघा.

रेणूचं बोट नेमकं कुठे आहे

मार्गातली जागा शोधायला साधी युक्ती आहे: मधूनच चालना द्या. ईजीएफने चढलेलं ईआरके तुमच्या रेणूने थांबतं, ठीक. आता ईजीएफऐवजी पीएमए हे रसायन द्या, जे ईजीएफचा रिसेप्टर टाळून पीकेसी या कायनेजमार्गे ईआरके चढवतं. तेही थांबलं तर रेणू खाली कुठेतरी आहे. मग ईआरकेच्या लगेच वरचं एमईके, कायम चालू असलेल्या रूपात, पेशीत घाला. आता ईआरके टिकलं, तर बोट एमईकेच्या वर आहे. प्रत्येक पायरीला ओळखीचा शुद्ध रोधक शेजारच्या वेलमध्ये असू द्या.

निष्क्रिय भाऊ-रेणू असेल तर सोनं. फोर्स्कोलिन सायक्लिक एएमपी हा संदेशरेणू बनवणाऱ्या ॲडेनिलिल सायक्लेजला चालना देतं. १,९-डायडीऑक्सीफोर्स्कोलिन ती देत नाही, पण फोर्स्कोलिनचे इतर काही परिणाम दाखवतं. दोन्हींनी तुमचा परिणाम दिसला तर सायक्लिक एएमपीचा त्यात हात नाही. जेनिस्टीन टायरोसिन कायनेजांना रोखतं, डेडझीन तसं रोखत नाही. अशा जोड्या शोधा. मात्र भाऊसुद्धा तपासून घ्या: क्वेर्सेटिनच्या धाटणीवर बेतलेला एलवाय२९४००२ हा पीआय३केचा रोधक वर्षानुवर्षं वापरला गेला, पण तो एमटॉर आणि सीके२ या दुसऱ्या कायनेजांनाही धरतो, आणि 'निष्क्रिय' म्हणून दिलेला एलवाय३०३५११ हासुद्धा त्या दोघांना सोडत नाही.

सीईटीएसएसारख्या पद्धती आता हाताशी आहेत. रेणू चिकटलेलं प्रथिन सहसा जास्त तापमानापर्यंत टिकतं, यावर ती बेतली आहे; २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. लायसेटमध्ये आणि अख्ख्या पेशीत दोन्हीकडे करा. फक्त पेशीत बदल दिसला, लायसेटमध्ये नाही, तर रेणू त्या प्रथिनाला थेट धरत नसून वरून काहीतरी बदलत असेल.

पण शेवटचा शब्द जनुकांचा. माझ्या दृष्टीने या विषयातला सर्वांत सुंदर पुरावा रॅपामायसिनचा आहे. १९६४ मध्ये कॅनडाहून निघालेल्या मोहिमेने ईस्टर बेटावरून माती आणली. त्या बेटाचं स्थानिक नाव रापा नुई, त्यावरून रेणूचं नाव. माँट्रियलच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत सुरेन सेहगल आणि सहकाऱ्यांनी तो मातीतल्या स्ट्रेप्टोमायसीस जिवाणूपासून वेगळा केला आणि १९७५ मध्ये बुरशीविरोधी म्हणून प्रसिद्ध केला. तो पेशीत काय करतो हे कोणालाच माहीत नव्हतं. १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये जोसेफ हाइटमन, राव मोव्हा आणि मायकेल हॉल यांनी यीस्टच्या पेशी रॅपामायसिनवर वाढवल्या आणि ज्या मेल्या नाहीत त्या गोळा केल्या. त्या वाचलेल्या पेशींतले बदल तीन जनुकांत सापडले: एक एफकेबीपी या प्रथिनाचं, आणि दोन आधी अज्ञात असलेली, ज्यांना त्यांनी टॉर१ आणि टॉर२ म्हटलं. एफकेबीपी काढून टाकलं तर यीस्ट मजेत जगतं आणि रॅपामायसिन निष्प्रभ होतं. टॉरमधलं एक अमिनो आम्ल बदललं तरी निष्प्रभ. म्हणजे रेणू आधी एफकेबीपीला धरतो, ती जोडी टॉरला धरते, आणि दोन्हींपैकी काहीही काढलंत तर विष उतरतं. पुढे सस्तन प्राण्यांच्या एमटॉरमध्ये २०३५ क्रमांकाचं सेरीन बदलून तसंच दिसलं. १९९९ मध्ये सिरोलिमस या नावाने ते मूत्रपिंड प्रत्यारोपणातलं औषध म्हणून मंजूर झालं.

तुमच्या रेणूसाठी हेच करा. संशयित प्रथिनात जिथे रेणू चिकटतो तिथलं एक अमिनो आम्ल बदला आणि ते प्रथिन पेशीच्या स्वतःच्या प्रथिनाच्या जागी बसवा. ट्रिप्टोलाइडसाठी एक्सपीबीतलं ३४२ क्रमांकाचं सिस्टीन बदललं आणि पेशी त्याला जुमानेनाशा झाल्या. नुसतं जनुक दाबून 'रेणूसारखाच परिणाम दिसला' असं म्हणणं त्याच्या तुलनेत फार कच्चं आहे. पेशी मारण्याचे शंभर रस्ते आहेत. बदललेलं प्रथिन पेशीला वाचवतं, तिथे मात्र दुसरी पळवाट उरत नाही.

डॉकिंगबद्दल, म्हणजे रेणू प्रथिनात कसा बसेल याच्या संगणकी अंदाजाबद्दल, दोन ओळी. संगणकाने दिलेला बंधनाचा आकडा प्रयोग कुठे करावा हे सुचवायला ठीक. बहुतेक सपाट, वलययुक्त रेणू बहुतेक कायनेजांच्या एटीपीच्या खिशात बरे बसलेले दिसतात. तो निकाल म्हणून छापू नका.

प्लेटमधला डोस आणि रक्तातला

इथे कागद-पेन घ्या. रेसव्हेराट्रॉल २५ मिलिग्रॅम तोंडाने दिल्यावर निदान ७० टक्के शोषला जातो, पण मूळ रूपात रक्तद्रवात तो ५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षाही कमी सापडला, कारण आतडं आणि यकृत त्याला लगेच ग्लुकुरोनाइड आणि सल्फेट जोडून टाकतात. त्याचा रेणूभार २२८. पाच नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम. भागिले २२८, उत्तर सुमारे ०.०२२ मायक्रोमोलर. प्लेटमध्ये आपण ५० टाकतो. दोन हजारांहून जास्त पट. डोस वाढवून दरी थोडी बुजते, पण आधी ती मोजायला हवी, आणि जमलं तर पेशींवर ती ग्लुकुरोनाइड आणि सल्फेट रूपंही टाकून बघायला हवीत.

प्लेटमध्ये इतक्या ताकदीने बोलणारा रेणू माणसात हरतो म्हणून तो टाकाऊ ठरत नाही. कॅलिफोर्नियातल्या कॉर्न लिलीमधला सायक्लोपामीन बघा: ती वनस्पती खाल्लेल्या गाभण मेंढ्यांची कोकरं एका डोळ्याची जन्मली, त्यातून तो सापडला, आणि २००२ मध्ये तो पेशींच्या वाढीच्या हेजहॉग मार्गातल्या स्मूदन्ड या प्रथिनाला थेट धरतो हे दिसलं. औषध म्हणून तो स्वतः टिकला नाही. पण लक्ष्य पक्कं कळल्यामुळे त्याच जागेसाठी व्हिस्मोडेगिब घडवता आलं, आणि २०१२ मध्ये ते त्वचेच्या बेसल सेल कर्करोगासाठी मंजूर झालं. स्टॉरोस्पोरिन डझनावारी कायनेजांना धरतो म्हणून निरुपयोगी वाटला होता. त्याच्यापासून केलेलं मिडोस्टॉरिन २०१७ मध्ये एफएलटी३ या जनुकात बदल असलेल्या रक्तकर्करोगासाठी आलं.

घरच्या रुग्णासाठी 'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार' म्हणून अर्काच्या कॅप्सूल द्याव्यात का, असं मला जवळचे लोक विचारतात. मी त्यांना ईजीसीजी आणि बॉर्टेझोमिबचं सांगते. बॉर्टेझोमिब हे मायलोमा या रक्तकर्करोगावरचं औषध, त्यात बोरॉनचा गट असतो. ईजीसीजी त्या बोरॉनलाच जाऊन बांधतो, आणि प्रयोगशाळेत व उंदरांत त्या औषधाचा परिणाम पुसला गेला. म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरांना प्रत्येक कॅप्सूल दाखवा, औषध सुरू होण्याआधी.

शेवटी वाक्य कसं लिहायचं

'क्ष हा पीआय३के/एकेटी मार्ग रोखून पेशीमृत्यू घडवतो' असं माझे विद्यार्थी पहिल्या मसुद्यात लिहितात. मी ते खोडते आणि समोर बसवून पुन्हा लिहायला लावते. परवा एकीने तिसऱ्या खेपेला लिहिलं: 'क्ष १० मायक्रोमोलरला १५ मिनिटांत एकेटीच्या सेरीन-४७३ वरचं फॉस्फोरिलेशन कमी करतो; एकूण एकेटी बदलत नाही; कॅटालेजने परिणाम बदलत नाही; पेशी १२ तासांपर्यंत जिवंत आहेत; थेट लक्ष्य अजून सापडलेलं नाही.' आकृतीत तिने रेणूपासून एकेटीपर्यंत तुटक रेघ काढली आणि मध्ये प्रश्नचिन्ह ठेवलं. मी तो कागद तसाच भिंतीवर लावला आहे.